मांड

घोड्याचं नाव लेबेसे. म्हणजे दूध.
रंगाने जळक्या तव्यासारखा.
नाव कुणी ठेवलं विचारू नका,
दवाखान्याने तो मला नावासकट दिला.

दर मंगळवारी आम्ही निघतो.
खोगिराच्या दोन पिशव्यांत गोळ्या,
थुंकीच्या नमुन्यांच्या रिकाम्या डब्या, एक वही,
आणि पुढे मालोटीच्या डोंगरात चार गावं
जिथे गाडी जात नाही.

लेबेसे बुजतो.
कोरफडीला अडकलेल्या प्लॅस्टिकला बुजतो.
मेंढ्या राखणाऱ्या पोराच्या पांढऱ्या गमबुटांना बुजतो.
ओढ्यापाशी काहीच नसतं,
तिथे तो त्या काहीच नसण्याला बुजतो.
खिंडीपलीकडे उतारावर एक पांढरा धोंडा आहे.
सात वर्षं मी तो तिथेच बघतेय.
लेबेसेसाठी तो दर मंगळवारी नवा उगवतो.

आधी कान. टवकारले की समजायचं.
मग पाठीतून काहीतरी सरकतं,
माझ्या मांड्यांना ते माझ्याआधी कळतं,
आणि खालची जमीन
एकदम हातभर डावीकडे.

पहिल्या वर्षी पाच वेळा पडले.
एकदा गोळ्या बर्फात सांडल्या.
गुडघ्यांवर बसून वेचल्या, मोजल्या,
दोनशे दहापैकी दोनशे नऊ.

मामा त्शेलिसो, एक डोळा गेलेला,
अंगावर घोंगडी, तोंडात विझलेला पाइप,
कुंपणापाशी उभा राहून माझं बसणं बघायचा.
म्हणाला, जीव मुठीत धरून बसतेस, म्हणून पडतेस.
मूठ त्याला लगामातून कळते.
टाचा खाली सोड. पोट सोड. श्वास बाहेर.
तो भितो तिकडे बघू नकोस,
तुला जायचंय तिकडे बघ.
मी म्हटलं, आणि तरी उधळला तर?
तर उधळेल. पाय त्याचे आहेत.
तू मधे राहा.

मधे राहणं म्हणजे घट्ट बसणं नव्हे,
एवढं कळायला तीन हिवाळे गेले.
खरं तर आधीच कळायला हवं होतं.
डोक्यावर बादली घेऊन चढ चढताना
मी बादलीला कधी धरलंय?

खिंडीच्या माथ्यावर नेटवर्क मिळतं,
दोन खडकांमध्ये, सतरंजीएवढ्या जागेत.
परवा तिथे खिशात फोन थरथरला.
खाउहेलोचा निरोप. थोरला माझा.
सतराही पुरती झालेली नाहीत.
आई, काल रात्री सीमा ओलांडली.
वेल्कमला आहे. खाणीत काम मिळेल म्हणतात.
रागावू नकोस.

त्याच खाणीतून त्याचा बाप
एक पत्र्याची ट्रंक आणि एक खोकला घेऊन आला होता.
ट्रंक अजून आहे.

टाचा वर गेल्या. मुठी मिटल्या.
श्वास आत गेला तो आतच.
लगाम इतका ओढला गेला
की लेबेसेची मान वर आली, दात दिसले.
आता उधळणार, वाटलं.
उधळू दे, असंही वाटलं.
उजवीकडे दरी होती.

लेबेसे उभा राहिला.
चारी पाय जरा फाकवून,
झोपलेलं मूल पाठुंगळी घेतलेल्या माणसासारखा.
दोन्ही कान मागे, माझ्याकडे.
मी कलले तर तोही तेवढाच कलायचा,
मला पाठीच्या मधोमध आणायचा.
वाफ निघत होती, त्याच्या नाकातून, माझ्या नाकातून.
किती वेळ, कोण जाणे.

आमच्यात बाईला थोरल्याच्या नावाने हाक मारतात.
मी माखाउहेलो.
खाली पोचले की सगळ्या दारांतून तेच नाव येणार.
माखाउहेलो, आज उशीर?
माखाउहेलो, रात्रीचा घाम थांबला बघ.

एकेक बोट उघडलं.
फोन खिशात ठेवला. उतार लागला.
धोंडा आला.
लेबेसे बुजला, दर मंगळवारसारखा,
हातभर डावीकडे.
मी त्याच्याबरोबर गेले.